आयतवारचा वाफसा

बेळगावच्या दक्षिणेचं शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडचं शिवार ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण आपल्यात इंदूर-बडोद्याकडची मंडळीही आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. जमीन काळी. पावसाळ्यात भात. भात कापून झालं की त्याच रानात मसूर, हरभरा नाहीतर वाटाणा. ह्या दुसऱ्या पिकाला आमच्याकडं पाणी देत नाहीत. पावसाळ्यानं जमिनीच्या पोटात जी ओल ठेवलेली असते तिच्यावरच ते येतं. आमच्या घरात तर भात सरकारचं आणि मसूर घरचा असंच म्हणायचे. भात विकून देणी भागायची, मसूर वर्षभर आमटीला आणि लेकी-बाळींना पिशव्या भरून द्यायला.

आमचं रान एक एकर दहा गुंठे. वडील लवकर गेले. थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, तेच सगळं बघायचे. मी धारवाडला बँकेत चिकटलो. शनिवारी रात्री घरी, रविवारी रानात, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. असं माझं पंचवीस वर्षं चाललं. हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढं जे झालं त्यात ह्या रविवारचा हात मोठा आहे.

2007 च्या दिवाळीनंतर आम्ही बैल विकले. विकले म्हणजे मी विकायला लावले. तात्यांना गुडघ्याचा त्रास सुरू झाला होता, वैरणीचा खर्च झेपत नव्हता, आणि बैल सांभाळायला घरात कोणी उरलं नव्हतं. गावात भाड्यानं ट्रॅक्टर मिळत होता. दोन दिवसांची नांगरट दोन तासांत. मी तात्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. बँकेतला माणूस, हिशेब तर मला येतोच. तात्यांनी कागद बघितला, चष्मा काढून ठेवला आणि एवढंच म्हणाले, "ट्रॅक्टर आण की. फक्त वाफसा बघून आण."

वाफसा हा शब्द आता नव्या पोरांना समजावून सांगावा लागतो. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतलं जादा पाणी खाली उतरतं, मोकळ्या जागेत हवा शिरते, आणि ओल राहते पण चिखल राहत नाही, ती वेळ म्हणजे वाफसा. तात्या मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळायचे आणि अंगठ्यानं दाबायचे. लाडू फुटला तर अवजार घालायचं. अंगठा नुसता रुतला, माती पिठाच्या गोळ्यासारखी चिकटली, तर बैल परत गोठ्यात. कधी कधी नांगर खांद्यावर टाकून रानापर्यंत गेलेला माणूस त्या एका लाडवासाठी हात हलवत परत यायचा. आम्हाला लहानपणी ह्याचं हसू यायचं.

माझा प्रश्न असा होता की मला सुट्टी रविवारची. ट्रॅक्टरवाल्याला पैसे द्यायला, बांध दाखवायला, त्यानं कोपरे नीट मारले का बघायला घरचं माणूस पाहिजे. तात्यांचे गुडघे चालत नव्हते. म्हणून मी ट्रॅक्टर रविवारीच सांगायचो. गुरुवारी पाऊस झाला असेल तरी रविवारीच. शनिवारी रात्री झाला असेल तरी. ट्रॅक्टरवाला काय, त्याला त्या दिवशी आणखी चार ठिकाणी जायचं असायचं. बैल चिखलात रुतला की थांबतो, माणसाला थांबवतो. ट्रॅक्टर रुतत नाही, धूर काढत पुढं जातो. तात्या ओट्यावरनं एकदा म्हणाले, "वाफसा आयतवार बघून येत नाही गा." मी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं आणि सोडून दिलं.

दुसरा बदल लागवडीचा. पूर्वी आमच्याकडं मे संपता संपता, रोहिणी नक्षत्रावर, कोरड्या रानात कुरीनं भात पेरायचे. ह्याला धूळवाफ पेरणी म्हणतात. पुढं आम्ही रोप लावणीवर गेलो. म्हणजे रानात पाणी तुंबवायचं, रोटर मारून पातळ चिखल करायचा आणि बायकांनी त्यात रोपं लावायची. तण कमी येतं, भात चांगलं येतं. ते खोटं नाही. पहिल्या वर्षी लावणीच्या रानात आमची चार पोती वाढली आणि मी तात्यांना ती मोजून दाखवली.

ह्याच काळात मसूर कमी व्हायला लागला.

एकदम नाही. बैल होते तोपर्यंत चांगल्या साली चार पोती मसूर यायचा. मग साडेतीन, मग तीन. एका साली अवकाळी पाऊस झाला, त्याच्यावर ढकललं. एका साली बी बदललं, बियाण्याला शिव्या दिल्या. नाल्याचं पाणी शिवारात चढतं, त्याच्यावर ढकललं. 2015 मध्ये मळणी झाली आणि पोतं एक भरलं, दुसरं अर्धं.

तेव्हा रान वाट्यानं होतं. तात्यांना जमेनासं झाल्यापासून गावातलेच एकजण वाट्यानं करायचे. वयानं मोठे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामांनी दीड पोतं मसूर खळ्यावर दाखवला आणि मी, चार माणसांदेखत, विचारलं, "बाकीचा कुठं गेला?"

मामा पहिल्यांदा हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग मी जुन्या वर्षांचे आकडे काढले. वही होतीच माझ्याकडं. चार, साडेतीन, तीन, अडीच, दीड. आकडे वाचताना माझा आवाज चढत गेला असावा. मामांनी आपला वाटा तिथंच ठेवला, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोराकडनं रानातल्या खोपीची किल्ली आली. दहा वर्षं त्यांनी आमचं रान केलं होतं.

तात्या आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. मला वाटलं जुनी माणसं अशीच, हिशेब विचारला की त्यांना अपमान वाटतो.

मामा गेले तरी मसूर वाढला नाही. पुढची दोन वर्षं मजूर लावून मी स्वतः रान करून घेतलं. एक पोतं. मग पाऊण. आता चोर कोण?

जानेवारी 2018, संक्रांतीच्या आधीचा रविवार. तात्यांनी हट्ट धरला, मला रानात ने. मोटारसायकलवर मागं बसवून नेलं. मसूर वीतभर होऊन पिवळा पडला होता. दुपारच्या उन्हात माना टाकलेल्या. शेजारच्या रानात, तिथं अजून धूळवाफच होती, मसूर हिरवागार. तात्या बांधावरनं खाली उतरले, हातातली काठी रानात रोवायला गेले. काठी रोवली नाही. त्यांनी टाच आपटली, थोडं पुढं जाऊन परत आपटली. मग बांधावर येऊन बसले आणि म्हणाले, "रान वाजतंय."

मी पहार आणली. वरची पाच बोटं माती भुसभुशीत, मग पहार ठण्णकन थांबली. कुदळीनं फूट-दीड फूट खड्डा काढला आणि एका बाजूची भिंत खुरप्यानं साफ केली. तुमच्यापैकी ज्यांचं रान आहे त्यांनी हे एकदा जरूर करून बघा, तासाभराचं काम आहे. वर मोकळी माती. तिच्याखाली चार-पाच इंचांचा एक थर, फरशीसारखा, आडव्या पापुद्र्यांचा, नखानं खरवडला तरी निघेना. त्यात एक गांडुळाचं भोक नाही, जुन्या मुळाचा माग नाही. आणि त्या थराच्या खाली?

खाली ओल होती. हात लावला तर गार. काळी, मऊ, ओली माती. वर मसूर तहानेनं मरत होता आणि त्याच्या मुळांपासून पाच-सहा इंचांवर पावसाळ्यानं ठेवलेलं पाणी तसंच पडलेलं होतं.

तात्यांनी एक झाड अलगद उपटून घेतलं. मसुराचं सोटमूळ सरळ खाली जायला पाहिजे. हे त्या थरापर्यंत सरळ गेलेलं, तिथं जाड झालेलं, आणि मग विळ्यासारखं वळून आडवं. मुळांवरच्या गाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक फोडली. आत तांबूस असायला पाहिजे, ती फिकट निघाली. तात्या काही बोलले नाहीत. ते झाड त्यांनी टोपीत ठेवून घरी आणलं.

मग मी हा विषय वाचायला लागलो, शेती शिकलेल्या ओळखीच्या माणसांना विचारायला लागलो. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. चांगल्या जमिनीत साधारण निम्मीच जागा मातीच्या कणांची असते. उरलेली निम्मी पोकळी, तिच्यात पाणी आणि हवा. ताजा पाव मुठीत दाबा. पीठ तेवढंच राहतं, पाव राहत नाही. जमिनीचं दाबून घट्ट होणं म्हणजे हेच. पोकळी गेली की पाणी मुरत नाही, हवा फिरत नाही, आणि मुळाला डोकं घालायला जागा राहत नाही. चौरस सेंटिमीटरला वीस किलोच्या आसपास जोर लागला की बहुतेक पिकांची मुळं हार मानतात. मसुराच्या गाठीतल्या जिवाणूंनाही हवा लागते. नसेल तर हवेतलं नत्र पिकाला मिळत नाही. वरनं युरिया टाकला तरी कोंदट ओल्या जमिनीत त्यातला काही भाग वायू होऊन उडून जातो. आमचा पिवळेपणा त्यातला होता, आणि मी दोन वर्षं त्याच्यावर खताचे पैसे घालत होतो.

आणि सगळ्यात जास्त मला लागलेली गोष्ट म्हणजे ओलीची. कोरडी माती वजन सोसते, कण एकमेकांना धरून असतात. ओली असताना तेच कण एकमेकांवरनं घसरतात आणि गच्च बसतात. दोन टनांचा ट्रॅक्टर कोरड्यात गेला तर जे होतं, त्याच्या कितीतरी पट ओल्यात होतं. वर बहुतेक नुकसान पहिल्याच फेरीत होऊन जातं, दहाव्या फेरीची वाट बघत नाही. म्हणजे एक आयतवार पुरतो. मी किती आयतवार घातले त्याची वहीत नोंद आहे, ट्रॅक्टरच्या भाड्याच्या रकान्यात.

रोटरचं वेगळंच. तो दरवर्षी त्याच खोलीवर चालतो. वरची माती पीठ करतो आणि त्याची पाती खालच्या ओल्या मातीला थापटत, सारवत जातात. त्यात आमची लावण. भाताला चिखल करून खाली घट्ट तळ बसला तर बरंच असतं, पाणी रानात टिकतं. तो तळ मुद्दाम करायचा असतो. पण भातासाठी केलेला तळ भाताबरोबर कापून नेता येत नाही. तो मसुरासाठी तसाच राहतो. भातात वाढलेली चार पोती मी मोजली होती, ती कुठल्या खात्यातनं आली ते मोजलं नव्हतं.

बैल होते तेव्हा सगळं सोनं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. लाकडी नांगरानंही तळ बसायचा. बैलाचा खूर म्हटलं तर चाकापेक्षा जास्त बोचतो, कारण सगळं वजन एवढ्याशा जागेवर. पण एकूण वजन कमी, म्हणून तो दाब वरच्या वर राहतो आणि पुढच्या कुळवणीत मोडून जातो. वजनदार यंत्राचा दाब खोल जातो, आणि दोन फुटांखाली एकदा बसला की पिढी जाते तरी निघत नाही. आणखी एक. तात्यांच्या काळात बैलगाडी रानात यायची ती मेरेच्या कडेनं, ठरलेल्या एकाच वाटेनं. पिंजराचे भारे बायका डोक्यावरनं त्या वाटेपर्यंत आणायच्या. मधनं गाडी घातली म्हणून तात्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याला बांधावर उभं करून झापलं होतं. बायकांच्या मानेचं काय झालं हे त्यात कोणी विचारत नव्हतं, हेही खरं. आम्ही ट्रॉली थेट ढिगापर्यंत न्यायला लागलो, ओल्या रानातनं, उभी-आडवी.

खड्डा काढल्यानंतर तिसऱ्या रविवारी मी मामांच्या घरी गेलो. ह्याची तयारी करायला मला तीन आठवडे लागले. ते दारात सुतळी वळत बसले होते. मी वाकलेलं मूळ कागदात गुंडाळून नेलं होतं. का नेलं माहीत नाही, पुरावा म्हणून असेल. बँकेची सवय. मामांनी मूळ बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"मला काय दाखवतंस? मी रोज बघत होतो की."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की तात्यांना. तुला कोण सांगणार? तू आयतवारी यायचास, ट्रॅक्टर लावून द्यायचास, पैसे देऊन जायचास. बुधवारी येऊन माती बघितलीस कधी?"

मी माफी मागितली. मामी आतनं चहा घेऊन आल्या. चहा घेतला. मामांनी चोरीचा विषय काढला नाही, मीही दुसऱ्यांदा काढू शकलो नाही. रान परत करा म्हटलं तर नको म्हणाले, पोरगा कारखान्यात लागलाय, आता होत नाही. उठताना मात्र म्हणाले, "मसूर निघाला की चैत्रात रान चांगलं वाळू दे. भेगा पडू देत. मग खोल फाळ घाल. ओल्यात घातलास तर नुसती चीर पडेल, तळ फुटणार नाही."

तसंच केलं. काळ्या जमिनीचा हा एक मोठेपणा आहे, उन्हाळ्यात ती स्वतःच फाटते आणि थोडी आपली आपण दुरुस्त होते. त्या भेगा बुजवायच्या नाहीत. एप्रिलच्या शेवटी एक फाळाचा सबसॉयलर भाड्यानं आणला, तो थराच्या खालपर्यंत गेला. हाताएवढाले ढेकूळ वर आले. तात्यांना त्याचा फोटो मोबाईलवर दाखवला. ते फोटो लांब धरून बराच वेळ बघत होते.

त्या सालापासून निम्म्या रानात धूळवाफ आणि निम्म्यात लावण असं केलं. सगळं एकदम बदलायची हिंमत झाली नाही, खोटं कशाला सांगू. धूळवाफीत तण माजलं. भांगलणीला बायका मिळेनात, मिळाल्या तर मजुरी परवडेना. भात त्या निम्म्यात दोन पोती कमीच झालं. मसूर मात्र त्या निम्म्यात हळूहळू सुधारला. पहिल्या साली फारसा फरक नाही, तिसऱ्या साली डोळ्याला दिसेल इतका. पैशाचा हिशेब मांडला तर आजही लावणच जिंकते, कारण भाताचं वजन जास्त. घरात ह्यावरनं भांडण आहे. माझा मुलगा म्हणतो, मसूर दुकानात मिळतो. मिळतो. मी त्याला अजून पटवू शकलेलो नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही कागद काढून हिशेबच दाखवला असता.

तात्या 2021 मध्ये गेले. त्याआधीच्या साली त्यांना धूळवाफीच्या पट्ट्यातलं मसुराचं एक झाड उपटून नेऊन दिलं होतं. त्यांनी मूळ चिमटीत धरून खालपर्यंत बोट फिरवलं. डोळ्यांना कमी दिसत होतं. सरळ आहे म्हणाले.

आता मी निवृत्त आहे. बुधवार काय आणि रविवार काय. ट्रॅक्टर अजूनही भाड्यानंच आणतो, पण ट्रॅक्टरवाल्याला तारीख देत नाही. तो वैतागतो. "काका, नक्की दिवस सांगा की," म्हणतो. मी म्हणतो, सकाळी रानात जाऊन फोन करतो. गेल्या जूनमध्ये त्याला चार वेळा नाही म्हटलं आणि पाचव्यांदा तो दुसरीकडं गेला होता. पेरणी आठ दिवस लांबली. शेजारी हसले.

रानाच्या पूर्वेला, जिथं सगळे ट्रॅक्टर वळायचे, तिथला चार-पाच गुंठ्यांचा पट्टा अजून तसाच आहे. फाळ दोनदा घालून झाला. पहार अजून सहा-सात बोटांवर थांबते. ह्या वर्षी तिथं ताग टाकलाय. बघू या.